लेपाचं श्रेय लेपाला देण्याआधी

चि. मृणाल,


प्लेटचे फोटो पाहिले. कायटोसानचा लेप दिलेल्या चांदीच्या नॅनोकणांनी ई. कोलाय जास्त मारले, हे दिसतंच आहे. तरी ‘लेपामुळे चांदीची ताकद वाढली’ हे वाक्य प्रबंधात लिहायची घाई करू नकोस.

जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. लेपाऐवजी सायट्रेटने स्थिर केलेला चांदीचा कणही ऋणभारितच, म्हणून तो पेशीजवळ सहज जात नाही. कायटोसानच्या अमिनो गटांवर आम्लधर्मी द्रावणात धनभार येतो, कण पेशीला चिकटतो आणि चांदीचे आयन अगदी तिथेच सुटतात. इथवर तुझं बरोबर आहे. पण कायटोसान स्वतःही जिवाणू मारतं, आणि ते विरघळवायला घेतलेलं अ‍ॅसेटिक आम्लसुद्धा. मग तुझ्या प्लेटवर मारलं कोणी? नुसतं कायटोसान, नुसतं आम्ल आणि तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, हे तिन्ही कंट्रोल हवेतच. कण सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रावणही तपास. कणावर न बसलेला लेप त्यात मोकळा असतो.

आयन मोजल्याशिवाय तर पुढे जाऊच नकोस. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात पेड्रो अल्वारेझ यांच्या गटाने २०१२ साली हवा पूर्ण वगळून प्रयोग केले. चांदीचं ऑक्सिडीकरण थांबलं, आयन सुटले नाहीत, आणि एरवी जीवघेणे ठरणारे कण ई. कोलायचं काही बिघडवू शकले नाहीत. म्हणजे लेप कणांना गोळा होऊ देणार नाही इतका पक्का हवा, पण आयन अडवील इतका घट्ट नको. सगळी कसोटी इथेच आहे, आणि लोक झेटा पोटेन्शियलचा, म्हणजे कणाच्या पृष्ठभाराचा, आकडा देऊन मोकळे होतात, याचं मला वाईट वाटतं.

आगरवर जिवाणू न वाढलेल्या झोनवर फार विसंबू नकोस, कण आगरात नीट पसरत नाहीत. ब्रॉथमध्ये एमआयसी (वाढ रोखणारी किमान मात्रा) काढ, वसाहती मोज. माध्यमातलं क्लोराइड आणि प्रथिनं आयन धरून ठेवतात, तेव्हा माध्यमाचं नाव स्पष्ट लिही.

आणि एकाच दिवसाच्या निकालावर थांबू नकोस. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की पुन्हा पुन्हा चांदीचे कण दिल्यावर ई. कोलाय फ्लॅजेलिन हे प्रथिन तयार करून त्या कणांचे गोळे करतात. पॉलिमरचा जादा आधार देऊनही ते टळलं नाही. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने फ्लॅजेलिन थांबवलं तेव्हाच कण पुन्हा चालले.

तिन्ही कंट्रोल लावून आकडे पाठव. सरांना दाखवण्याआधी आपण दोघी एकदा नीट बसून पाहू.

तुझी,
मावशी