थांबण्याची तजवीज

रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात पहाटे धावणाऱ्या कोल्हापूरकरांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे, आणि ज्या शहराने तालमीच्या हौद्यातील मेहनतीला पिढ्यान्‌पिढ्या मान दिला त्या शहरात हा छंद रुजावा, यात नवल काहीच नाही. सपाटीवर एकदा दम जमला, की पावले वायव्येकडे वळू लागतात. पंचगंगेचा पूल ओलांडून केर्लीवरून जोतिबाचा डोंगर, वाघबिळावरून पन्हाळा, आणि पन्हाळ्याच्या राजदिंडीतून पलीकडे उतरून मसाई पठार, अशी त्यांची अभिलाषा उत्तरोत्तर चढत जाते. या अखेरच्या टप्प्याची ओढ ज्यांना लागली आहे अशा तरुण मित्रांसाठी, त्या मुलखाने मला जे शिकविले ते येथे सांगतो.

डोंगरातील अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही, हे बहुतेकांस ठाऊक असते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली त्याचा एक साधा हिशेब घालून दिला : चालणाऱ्याने दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास मिळवावा. धावणारा यातून आपल्या वेगाच्या मानाने काही वजावट करतो, आणि ते रास्तही आहे. परंतु ज्याची नोंद अशा कोणत्याच हिशेबात नसते अशी एक बाब आहे. पाठीवर ओझे नाही, अंगावर पातळ सदरा, हाती पाण्याची एक बाटली, अशा वेशात जो मनुष्य उघड्या पठारावर शिरतो, त्याचे सारे संरक्षण त्याच्या गतीत असते. पाय चालू आहेत तोवर वारा, पाऊस आणि धुके ही त्याला सोबत करतात, आणि पाय थांबले की तीच त्याच्यावर उलटतात.

आषाढातील एका सकाळी आम्ही तिघे जण मसाई पठारावर होतो. पाऊस जोराचा नव्हता, झिमझिम होती. मात्र पश्चिमेकडून वारा सारखा वाहत होता आणि धुक्यामुळे पंचवीस पावलांपलीकडचे काही दिसत नव्हते. तेथील जांभ्याच्या कातळाला असंख्य बारीक भोके असतात, त्यांत पाणी मुरून कडेकडेने काळपट हिरवे शेवाळ धरते, आणि वरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असला की कातळ दिसावयास खडबडीत दिसतो खरा, पण बुटाचा तळ टेकतो तो त्या बुळबुळीत थरावरच. आमच्यातील सर्वांत अनुभवी गृहस्थ, व्यवसायाने शिक्षक, अशाच एका जागी घसरले आणि त्यांचा घोटा मुरगळला. हाड मोडलेले नव्हते. शहरात असते तर रिक्षा करून घरी गेले असते आणि चार दिवस हळद लावून बसले असते. आम्ही त्यांना तेथेच बसविले, पट्टी शोधू लागलो, आणि खरा धोका घोट्यात नाही हे पंधरा-वीस मिनिटांत दिसून आले. सरांना हुडहुडी भरली होती. बुटाची नाडी सोडताना त्यांची बोटे एकमेकांत अडखळत होती, आणि एरवी वर्गात खणखणीत बोलणारा तो मनुष्य जड जिभेने एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की मला काही होत नाही, तुम्ही पुढे व्हा.

सुदैवाने म्हशींमागे निघालेले एक वृद्ध धनगर धुक्यातून आमच्यापाशी आले. त्यांनी पायाकडे पाहिलेसुद्धा नाही. सरांच्या तोंडाकडे क्षणभर पाहून ते म्हणाले, "पावणं, हितं बसू नगासा. आदी वाऱ्याच्या आडाला चला, पाय मागनं बघू." आम्ही दोघांनी सरांना खांद्यांवर घेतले, आणि मामांनी दाखविलेल्या एका कपारीत नेऊन त्यांचा ओला सदरा उतरविला. मामांनी डोक्यावरची घोंगडी काढून एकदा झटकली आणि सरांभोवती लपेटली. तिच्या बाहेरच्या केसांवर पाण्याचे थेंब तसेच उभे होते, पण आतून ती कोरडी आणि उबदार होती. पुढे त्यांच्या खोपट्यात गुळाचा कढत चहा मिळाला, सरांची जीभ हळूहळू मोकळी झाली, आणि दुपारपर्यंत आम्ही त्यांना आधार देत खालच्या वाडीत आणून गाडीत बसविले.

डॉक्टर ज्याला हायपोथर्मिया म्हणतात, म्हणजे शरीराची आतील उष्णता घसरणे, तो प्रकार हिमालयाच्या बर्फात घडतो, आपल्या उसाच्या मुलखात नव्हे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याला बर्फाची गरज नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातील उष्णता ओढून घेते. ओले सुती कापड अंगाला चिकटलेले असावे, वर वारा असावा आणि शिणलेल्या स्नायूंनी उष्णता निर्माण करण्याचे थांबविलेले असावे, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की पुरे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी जेमतेम १००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात गगनबावड्याकडे त्याच्या कित्येक पट. म्हणून शहरातील आभाळ पाहून पठारावरचा अंदाज बांधू नये. कापरे, बोटांचा वेंधळेपणा, अडखळती वाचा आणि विपरीत हट्ट ही याची लक्षणे होत, आणि ऊब न मिळताच कापरे थांबले तर ती सुधारणा समजू नये, ती अत्यंत गंभीर अवस्था आहे. अशा मनुष्याचे हातपाय चोळू नयेत, त्याला मद्य पाजू नये. आडोसा, कोरडे वस्त्र आणि तो शुद्धीवर असेल तर गोड, ऊन पेय, हाच क्रम.

सबब बरोबर काय न्यावे हे ठरविताना, येथे तासभर बसावे लागले तर काय लागेल, हाच प्रश्न स्वतःला विचारावा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला लोकरीचा सदरा (सुती बनियन भिजले की निरुपयोगी, लोकर भिजूनही ऊब धरते, धनगरांची घोंगडी याला साक्ष आहे), वारा अडविणारे पातळ जलरोधक जाकीट, मुरगळ्यावर बांधावयाची पट्टी, शिट्टी, गुळाचे खडे आणि भारलेला फोन, एवढ्याचे वजन एक किलोच्या आत बसते. फोनवर १०८ आणि ११२ हे क्रमांक चालतात, पण पठारावर सर्वत्र नेटवर्क असेल या भरवशावर राहू नये. घरच्या माणसास मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवण्याचा शिरस्ता कधीही मोडू नये, आणि पावसाळ्यात तिघांपेक्षा कमी माणसांनी तेथे जाऊच नये : एक जखमीपाशी थांबावयास, एक मदत आणावयास.

वाटेविषयीही सांगितले पाहिजे. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर डोंगराच्या कण्यावरून जाणारी सुमारे १८० किलोमीटरांची जीआर-२० नावाची वाट आहे. तिच्यावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा रंगविलेल्या असतात आणि टप्प्याटप्प्यावर निवारे आहेत. आपल्या डोंगरांत असा सार्वत्रिक बंदोबस्त नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट १३ जुलै १६६० च्या त्या रणसंग्रामामुळे महाराष्ट्राच्या हृदयात कोरलेली आहे आणि दर आषाढात तिच्यावर मोहिमांची रीघ लागते. परंतु शेकडो माणसांच्या रांगेतून जाणे वेगळे आणि एरवी एकट्याने धावत जाणे वेगळे. पठारावर ढोरवाटांचे जाळे असते. त्या पायवाटेइतक्याच रुळलेल्या दिसतात, पण त्यांचा शेवट गावात न होता चाऱ्यापाशी, पाण्यापाशी किंवा थेट कड्याच्या धारेवर होतो. म्हणून कुंभारवाडी, खोतवाडी अशा वस्त्यांवर जो भेटेल त्याला आदराने वाट विचारावी, विचारण्यासाठी वेग मोडावा लागला तरी हरकत नाही. पावसाळ्यानंतर सड्यावर फुले येतात तेव्हा पायवाट सोडू नये. हे पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ज्या मातीच्या बोटभर थरावर ती फुले जगतात तो थर आपल्या बुटाखाली क्षणात निघून येतो.

कातळावर फुरसेही असते. ते चावले तर धावत खाली येण्याची बुद्धी होते, आणि तेथे मात्र थांबणेच हिताचे : अवयव हलू न देता त्या माणसाला उचलून आणावे, चिरा देणे किंवा करकचून बांधणे यांच्या नादी न लागता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

गळीत हंगामात, म्हणजे साधारणतः दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पन्हाळ्याचा डांबरी रस्ता पहाटे अंधारात धावण्याजोगा राहत नाही. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, बाहेर आलेली उसाची टोके. पळणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, चमकता पट्टा बांधून जावे, अथवा उजाडेपर्यंत थांबावे.

राहता राहिली परतीची गोष्ट. पावसाळ्यात निघण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती आहे याची चौकशी करावी. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मुक्रर केलेली आहे, आणि आंबेवाडीनजीक रेडेडोह फुटला म्हणजे पन्हाळ्याकडचा रस्ता पाण्याखाली जाऊन गेलेला मनुष्य नदीपलीकडेच अडकतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर पन्हाळ्यावर चढणारा मुख्य रस्ताच खचला होता. पाणी चढते आहे असे कळले, तर त्या दिवशी डोंगराचा बेत रहित करून विद्यापीठाच्या आवारातील चढ-उतारांवरच मेहनत करावी.