‘अंगचोर’ नव्हे, सिकलसेल : काही संज्ञांचे अर्थ

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एक विद्यार्थी हिवाळ्यात पहाटेच्या कवायतीला उठत नसे. हातपाय दुखतात, एवढेच तो सांगे. आम्ही त्याला ‘अंगचोर’ ठरवले आणि मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा केली. पुढे रक्ततपासणीत त्याला सिकलसेल असल्याचे निष्पन्न झाले. चुकीचा शब्द आम्ही वापरला. शिक्षा त्या मुलाने भोगली. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस या आजारासंबंधीच्या संज्ञा समजून घेणे तेव्हापासून कर्तव्य वाटू लागले. त्यांतील काही येथे देत आहोत.

हिमोग्लोबिन : तांबड्या रक्तपेशींतील लोहयुक्त प्रथिन. फुप्फुसांतील प्राणवायू ते शरीरभर पोहोचविते.

जनुक : आनुवंशिकतेचे एकक. प्रथिन कसे घडवावे याची सूचना त्यात असते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते.

सिकलसेल : ‘सिकल’ म्हणजे विळा. या जनुकातील एका बदलामुळे बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू कमी होताच एकमेकांस चिकटते. गोल, लवचीक पेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही मात्र १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्तक्षय होतो, डोळे पिवळसर दिसतात.

आनुवंशिक : जन्मतः मिळालेला. संसर्गजन्य नव्हे. स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. स्पर्शाच्या खोट्या भयाने माणसे दूर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागू नये.

वाहक : बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेली व्यक्ती, अहवालात ‘एएस’ लिहिलेले असते. वाहक सामान्यतः निरोगी असतो व पुढे तो रुग्ण होत नाही.

रुग्ण : दोन्ही प्रती बदललेल्या असलेली व्यक्ती; अहवालात ‘एसएस’. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले, म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील, असा याचा अर्थ नाही.

या संज्ञांनाही इतिहास आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्णही एक विद्यार्थीच होता, ग्रेनडा बेटावरून आलेला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी वाहकांना तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे मांडले. म्हणूनच मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा, तसेच विदर्भातील आदिवासी व आपला समाज यांत ते आढळते.

तेव्हा याला ‘आपल्या जातीचा रोग’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत, हा सिद्धान्त खोडून काढला. शरीरावरून जात ठरविण्याचा तोच प्रमाद आपण रक्ताच्या बाबतीत करू नये.

तथागतांनी दुःख सांगितले, त्याचे कारण, निरोध आणि मार्गही सांगितला. येथेही मार्ग आहे. विद्राव्यता चाचणीने प्राथमिक तपासणी होते, इलेक्ट्रोफोरेसिसने निदान पक्के होते. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनेचे झटके कमी करता येतात. विवाह ठरविण्यापूर्वी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. वाहक असणे हा कलंक नव्हे, ती माहिती आहे; दोघेही वाहक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेऊन निर्णय करावा.

थंडी, अतिश्रम, ताप व पाण्याची कमतरता यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून शिक्षकांना व पालकांना एवढीच विनंती : मूल दुखते म्हणाले, तर त्याला पाणी द्यावे, ऊब द्यावी, दवाखान्यात न्यावे. नावे ठेवण्याची घाई करू नये. आम्ही ती केली होती.