कपाशीवरील लाल्या व मॅग्नेशियमचा योग्य वापर

शहादे तालुक्यात पुरुषोत्तमनगरच्या परिसरात तापीकाठची काळी कसदार जमीन आहे. ऊस, केळी व पपई यांच्या जोडीने येथे कपाशीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. बोंडे भरण्याच्या सुमारास या कपाशीची पाने लाल होऊन गळू लागतात व शेतकरी चिंतेत पडतो. यालाच आपण लाल्या म्हणतो. लाल पाने दिसताच कोणी कीटकनाशक फवारतो, तर कोणी दुकानदार देईल ती पुडी आणतो. कारण न शोधता केलेला असा खर्च बहुधा वाया जातो. बोंडे पोसण्याचे दिवस निघून गेल्यावर चूक सुधारता येत नाही.

मॅग्नेशियमचे कार्य

पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो, त्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. रिचर्ड विल्श्टेटर या जर्मन शास्त्रज्ञास वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मॅग्नेशियम कमी पडले म्हणजे झाड जुन्या पानांतील साठा काढून नव्या पानांना व बोंडांना पुरविते. म्हणून उणिवेचे लक्षण प्रथम खालच्या पानांवर दिसते.

लाल्याची कारणे ओळखा

१. मॅग्नेशियमची उणीव : खालच्या पानांत शिरांमधील भाग जांभळट लाल होतो, शिरा मात्र हिरव्या राहतात.

२. नत्राची उणीव : खालची पाने शिरांसह फिकट पिवळी पडतात व नंतर लाल होतात. झाडाची वाढ खुंटते.

३. तुडतुडे : पानांच्या कडा खाली वळतात, प्रथम पिवळ्या व मग लाल होतात. पान उलटून पाहिल्यास तिरपे चालणारे हिरवट किडे दिसतात.

४. पाणी साचणे किंवा रात्रीची थंडी एकाएकी वाढणे : यानेही पाने लाल होतात. साचलेले पाणी चर काढून बाहेर घालवावे.

बोंडे फुटून पीक संपत आले असता पाने लाल होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी कोणतीही फवारणी करू नये.

जमिनीत असूनही उणीव का?

काळ्या जमिनीत चुन्याचे प्रमाण पुष्कळ असते. केळी, पपई किंवा ऊस यांच्या फेरपालटात पालाशही भरपूर दिलेले असते. चुना व पालाश यांच्या आधिक्यामुळे मुळांना मॅग्नेशियम पुरेसे उचलता येत नाही. जमिनीच्या आरोग्यपत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्या बारा तपासण्यांत मॅग्नेशियम नाही, हे ध्यानात ठेवावे. माती प्रयोगशाळेत देताना विनिमययोग्य कॅल्शियम व मॅग्नेशियमची तपासणी स्वतंत्रपणे मागावी. विहिरीचे पाणीही तपासावे. पाण्यातच मॅग्नेशियम पुष्कळ असेल, तर ते जमिनीतून आणखी देऊ नये, कारण त्याच्या अतिरेकाने जमीन घट्ट होते.

खरेदी

पिकासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे पाण्यात सहज विरघळणारे पांढरे क्षारद्रव्य वापरावे. त्यात मॅग्नेशियम सुमारे ९.५ टक्के असून गंधकही मिळते. परवानाधारक विक्रेत्याकडून शिवलेली पिशवी घ्यावी, तिच्यावरील टक्केवारी वाचावी व पावती जपून ठेवावी. २५ किलोच्या पिशवीत शुद्ध मॅग्नेशियम सुमारे २.४ किलो असते. पिशवीच्या किमतीला या आकड्याने भागल्यास एक किलो मॅग्नेशियमचा खरा भाव कळतो. आकर्षक नावाच्या पुड्या व बाटल्यांचा भावही याच रीतीने काढून तुलना करावी. डोलोमाइट हा दगडाचा भुगा आम्ल जमिनीसाठी असतो. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत तो घालून उपयोग नाही.

वापर

उणीव नेहमी येत असेल, तर पेरणीच्या वेळी किंवा भर देताना एकरी १० किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीत द्यावे. उभ्या पिकात लक्षणे दिसताच १५ लिटरच्या पंपास १५० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट व १५० ग्रॅम युरिया घालून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. एकरास २०० लिटर पाणी धरल्यास दोन्ही वस्तू प्रत्येकी २ किलो लागतात. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करावी. ठिबकाच्या टाकीत मॅग्नेशियम सल्फेटबरोबर कॅल्शियम नायट्रेट किंवा स्फुरदयुक्त खत कालवू नये. त्याने साका बसून ठिबकाची तोंडे बुजतात.

स्वतः पडताळा घ्या

फवारताना चार ओळी मुद्दाम सोडाव्यात व दहा दिवसांनी दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहावेत. लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, हे आधीच सांगून ठेवावे. वरची पाने हिरवी राहिली व पानगळ थांबली, तर उपाय लागू पडला असे समजावे. दोन्ही भागांत फरक दिसला नाही, तर दुसरी फवारणी थांबवून कारणाचा पुन्हा शोध घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक तुलना गावातील शेतकऱ्यांना शेतावर नेऊन अवश्य दाखवावी. आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या चार ओळींवर शेतकऱ्याचा जितका विश्वास बसतो, तितका छापील पत्रकावर बसत नाही.