भोपळा का गळतो? कणीस अर्धं का भरतं?



परसबागेचा विषय निघाला की दोन तक्रारी हमखास येतात. भोपळ्याला फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. आणि बांधावर लावलेल्या मक्याची कणसं अर्धी रिकामी. दोन्हीचं कारण बऱ्याचदा एकच असतं: पराग जिथे पोचायला हवा तिथे पोचला नाही. उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

भोपळा: कीटकांचं काम

भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाखाली चिमुकला भोपळा दिसतो, नर फूल नुसत्या देठावर असतं. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात. काही जणी त्यांना 'वांझ फुलं' म्हणून तोडून टाकतात. ताई, ती वांझ नाहीत. त्यांचा पराग मिळाला नाही, तर मादी फुलाखालचा भोपळा पिवळा पडून गळतो.

हा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. म्हणून तर फूल मोठं, पिवळंधमक आणि आत गोड रस. मधमाशी रसाला येते, तिच्या अंगाला पराग चिकटतो आणि तो पुढच्या फुलात पोचतो. फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्याच वेळात हे व्हावं लागतं.

आता फळ गळतं म्हणून आपण सकाळीच औषध मारलं, तर मधमाशीच मरते. पैसे जातात आणि फळं आणखी गळतात. आधी कीड खरंच आहे का बघा. फवारायचंच असेल तर भोपळ्यावर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. दुधी आणि दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे ती वेळ टाळा.

माशा दिसत नसतील तर हाताने करा:
१. सकाळी लवकर, ताजं उमललेलं नर फूल तोडा.
२. त्याच्या पाकळ्या काढा.
३. मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा.

दुधी-दोडक्याला हेच संध्याकाळी करा.

मका: वाऱ्याचं काम

मक्याच्या तुऱ्याला ना रंग, ना वास, ना रस. कारण त्याला कुणाला बोलवायचं नाही. तुरा म्हणजे नर फूल. कणसाचे रेशमी केस मादी फुलांचे. एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही, तो दाणा भरत नाही. पराग हलका, कोरडा आणि भरपूर असतो, कारण वाऱ्याचा नेम नाही.

एकच ओळ लावली तर बराच पराग बाहेर उडून जातो. म्हणून तेवढंच बी चौकोनी वाफ्यात, चार-पाच ओळींत लावा. केस येताना पाण्याचा ताणही पडू देऊ नका, त्यानेही दाणे भरत नाहीत.

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या वेलीवरची नर आणि मादी फुलं मोजून या. सकाळी किती माशा आल्या तेही बघा. मग औषध आणायचं की नाही, ते मिळून ठरवू.