उत्तर नसलं तरी चालेल, सोबत हवी

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत उत्तर आधीच ठरलेलं असतं. टायट्रेशनचं रीडिंग साडेनऊच्या आसपास यायला हवं, हे सरांना ठाऊक असतं, सीनियरच्या जुन्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं आणि प्रयोगशाळेतल्या मामांना तर तोंडपाठ असतं. आपलं अकरा आलं की मामा ब्युरेटकडे बघून नुसती मान हलवतात आणि आपण मुकाट्यानं पुन्हा सुरुवात करतो. प्रॅक्टिकल संपलं, जर्नलवर सही झाली की अख्खी बॅच कँटीनला. कराडला माझं बी.एस्सी. असं पार पडलं. कुणाबरोबर बसायचं, कधी जेवायचं, कुणाजवळ मन मोकळं करायचं, हे मला कधी ठरवावं लागलं नाही. कॉलेजचं वेळापत्रकच ते परस्पर ठरवून टाकायचं.

मग जॅम ही प्रवेशपरीक्षा दिली, रँक बरी आली आणि बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत इंटिग्रेटेड पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले, कॉलेजच्या बोर्डावर फोटो लागला. आता ती पदवी पदरात पडली आहे आणि दर जून-जुलैत कुणाच्या ना कुणाच्या आईचा फोन येतो, “आमची पोरगी पण तिकडेच निघालीय, तिला चार गोष्टी सांग गं.” त्याच गोष्टी इथे लिहिते. अभ्यास कसा करावा हे त्यात नाही. तो तुम्हाला येतो, म्हणून तर प्रवेश मिळाला.

जाताना सगळे बजावतात की पहिले दोन-तीन महिने जड जातील. माझा अनुभव उलटा आहे. पहिलं वर्ष बरं जातं. वर्ग असतात, असाइनमेंट असतात, परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये दहा जण एकाच नोट्सवर तुटून पडलेले असतात. आपल्या कॉलेजात आपण पहिले होतो आणि इथे प्रत्येक जण आपापल्या कॉलेजातला पहिलाच आहे, हा धक्का बसतो. पण तो सगळ्यांनाच बसतो, त्यामुळे पचतो. खरी पोकळी नंतर जाणवते. कोर्सवर्क संपतं, प्रत्येकाला गाइड मिळतो आणि बॅच वेगवेगळ्या प्रयोगशाळांत पांगते. कालपर्यंत सोबत डबा खाणारी मैत्रीण आता दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्याच वेळा सांभाळत असते. भांडण होत नाही, निरोप घेतला जात नाही. भेटी नुसत्या विरळ होत जातात, आणि हे लक्षात येईतो सेमिस्टर उलटलेलं असतं.

नेमक्या याच काळात काम फसायला लागतं. माझ्याकडे एक अभिक्रिया होती. केशनळीनं टीएलसीच्या पट्टीवर दोन ठिपके द्यायचे, एक मूळ पदार्थाचा, एक फ्लास्कमधल्या मिश्रणाचा. पट्टी द्रावकात उभी करायची आणि वाळली की यूव्ही दिव्याखाली धरायची. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर दिसायचे. म्हणजे फ्लास्कमध्ये काहीच घडलेलं नाही. तापमान वाढवलं, द्रावक बदलला, उत्प्रेरकाची नवी बाटली फोडली. ठिपके जागचे हलेनात. इथे मान हलवून खुणावणारे मामा नव्हते. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “का होत नाही ते मलाही सांगता येत नाही. बघू या.”

ज्या मुलीनं शाळेपासून फक्त बरोबर उत्तरं दिली, तिला यातून एकच अर्थ लागतो: आपल्याला जमत नाही. मला तोच लागला. सोमवारच्या ग्रुप मीटिंगमध्ये दाखवायला काही नसायचं, त्यात बोलायचं इंग्रजीत, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसायला लागले. मग दिवसा लोकांची तोंडं चुकवून रात्री प्रयोगशाळेत जायला लागले. रात्री काम म्हणजे सकाळी उशिरा उठणं, म्हणजे मेसची वेळ टळणं, म्हणजे खोलीवर मॅगी. घरून फोन आला की “सगळं छान चाललंय.” फ्लास्कमध्ये काही घडत नव्हतं, आणि दिवसच्या दिवस माझं कुणाशी धड बोलणंही होत नव्हतं. दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं आहेत, अशी माझी पक्की समजूत झाली होती.

ती मोडली प्रयोगशाळेतल्या एका मल्याळी सीनियरनं. “बऱ्याच दिवसांत मेसमध्ये दिसली नाहीस,” एवढंच म्हणाली, आणि स्वतःची जुनी लॅब नोटबुक माझ्यापुढे उघडून ठेवली. पानामागून पान, तारीख, प्रमाणं, तापमान आणि तळाशी लाल शाईत एकच शेरा, एन.आर., म्हणजे नो रिअॅक्शन. त्याच वहीतून पुढे तिचा पेपर झाला होता. मग ती मला जेवायला घेऊन गेली.

याच अनुभवावर अमेरिकेतले पेशीशास्त्रज्ञ मार्टिन श्वार्ट्झ यांनी २००८ साली ‘जर्नल ऑफ सेल सायन्स’मध्ये एक छोटा निबंध लिहिला होता. पीएच.डी. करताना त्यांनी आपला अडलेला प्रश्न हेन्री टाउबे यांच्यापुढे ठेवला, तेव्हा याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही, असं टाउबे यांनी सरळ सांगितलं. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, टाउबे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर हा संशोधनाचा विषय आहे, हे श्वार्ट्झना त्या दिवशी उमगलं. त्याच निबंधात त्यांची एक हुशार मैत्रीणही आहे. संशोधनात रोज आपण मठ्ठ आहोत असं वाटतं म्हणून तिनं पीएच.डी. सोडली आणि पुढे वकिलीत नाव काढलं. तिला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर, असं वाचताना मनात येतं.

तर मुद्दा असा. उत्तर न सापडणं हा या कामाचाच भाग आहे. त्याला इलाज नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकटं पडणं हा मात्र कामाचा भाग नाही. पदवीपर्यंत उत्तर आणि सोबत दोन्ही आयतं मिळतं. पुढे दोन्हीसाठी खटपट करावी लागते, आणि त्यातली सोबत आधी जमवावी लागते, कारण तिच्या बळावरच उत्तराची वाट पाहता येते.

ती जमवायची कशी? सुरुवात जेवणापासून करा. दिवसातलं एक जेवण ठरल्या वेळी, माणसांबरोबर घ्या, प्रयोग कितीही रंगात आलेला असो. यातली दोन माणसं तरी तुमच्या प्रयोगशाळेबाहेरची असू द्या, नाहीतर जेवतानाही गप्पा त्याच फ्लास्कच्या. बॅडमिंटन, नाटक, ट्रेकिंग, जे आवडेल त्या एका ठिकाणी नियमानं जा. मराठी मंडळी भेटली तर बरं वाटतं, पण तेवढ्याच घोळक्यात राहू नका. बाजारहाटापुरतं कन्नड मी भाजीवालीकडून शिकले, आणि त्या दिवसापासून ते शहर परकं वाटेनासं झालं.

जुन्या मित्रांविषयी थोडं. माझ्या वर्गातले बरेच जण बी.एस्सी. होताच महाड, लोटे, कुरकुंभच्या कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला लागले. त्यांच्या बोलण्यात शिफ्ट, पगार, गाडीचा हप्ता, मग लग्नं, मग बारशी. तुमच्या बोलण्यात अजून सेमिस्टर. व्हॉट्सअॅपचा ग्रुप हळूहळू वाढदिवसापुरता उरतो. तो टिकवायचा अट्टहास करू नका. त्यातले दोघे-तिघे निवडा, त्यांना फोन करा आणि आधी त्यांच्या कामाचं विचारा. आपलंच आयुष्य अवघड, या समजुतीनं जेवढी मैत्री तुटते तेवढी अंतरानं तुटत नाही.

घरच्यांना आपण काय करतो ते समजावून सांगा. “परीक्षा कधी संपते?” असं माझी आई कितीतरी दिवस विचारायची, कारण शिक्षण म्हणजे परीक्षा हेच तिला माहीत. उत्तर शोधत राहणं हे या कामाचं स्वरूप आहे, जेआरएफ ही फेलोशिप असेल तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि एसआरएफ झाल्यावर ४२,००० मिळतात, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं धरली आहेत, असं एकदा बसून सांगितलं की “अजून किती वर्षं शिकणार?” म्हणणाऱ्या आत्याला आईच परस्पर उत्तर देते. मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषयही याच बैठकीत काढावा. फेलोशिपचे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, म्हणजे मित्रांपुढे हात पसरायची वेळ येत नाही.

गाइड निवडताना विषयाइतकीच माणसाची चौकशी करा. ती गाइडकडे नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांकडे करायची. सर किती दिवसांनी भेटतात? लिहिलेलं किती दिवसांत वाचून देतात? मध्येच सोडून गेलेले किती, आणि का? विद्यापीठांत यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. तुमचा क्रमांक कितवा ते विचारा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सेमिस्टरला उभं राहावं लागतं, त्याचा धसका घेऊ नका. गाइडखेरीज तुमचं काम ऐकून घेणारी ती हक्काची माणसं आहेत. गाइड बदलण्याचे आणि मास्टर्स घेऊन मध्येच बाहेर पडण्याचे नियमही पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. दार कुठे आहे ते माहीत असलं की आत कोंडल्यासारखं होत नाही. आणि त्या दारातून कुणी बाहेर पडलं, तर तो पराभव नव्हे.

शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. झोप उडाली, जेवण तुटलं, लोकांची तोंडं चुकवावीशी वाटायला लागली आणि हे दोन आठवड्यांपलीकडे गेलं, तर संस्थेच्या समुपदेशकाकडे जा. तिथे जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. पेपर निघेपर्यंत थांबू, मग बघू, असं म्हणू नका.

हे वाचणाऱ्या आई-वडिलांना आणि काका-मावश्यांनाही एक विनंती. तुमचं मूल यंदा असं दूर शिकायला निघालं असेल तर फोनवर ‘पीएच.डी. कधी संपणार’ हे विचारू नका, त्याचं उत्तर त्यालाही ठाऊक नसतं. आज जेवायला कोण कोण होतं, ते विचारा. आणि ‘कुणी नाही’ असं उत्तर सलग चार दिवस आलं, तर पुढच्या गाडीचं तिकीट काढून भेटून या.