बंदिस्त गोठ्यातील हवा आणि पंख्यांची मागणी

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. त्याची शेतजमीन शहराच्या विस्तारात गेली. आता तेथे अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती दिसतात. मे महिन्यात या गल्ल्यांतून हिंडले, तर खिडक्याखिडक्यांना कूलर लावलेले आढळतात. पत्र्याची एक पेटी, तिच्या बाजूंना सतत ओले राहणारे वाळ्याचे किंवा गवताचे पडदे, तळाशी पाणी आणि आत एक पंखा, एवढीच त्याची रचना. मे महिन्यात खोली सुखद करणारा हा कूलर जुलैत पावसाळा सुरू झाला की जवळजवळ निरुपयोगी ठरतो. असे का होते, हे ज्यास समजले त्यास प्रस्तुत विषयाचा निम्मा भाग समजला असे म्हणता येईल. कारण कोंबड्यांच्या बंदिस्त घरांसाठी आज जी साधने विकली जातात, ती या कूलरचीच मोठी भावंडे होत.

प्राणी हीच शेगडी

प्रत्येक सजीव प्राणी आपल्या अन्नातून उष्णता निर्माण करीत असतो. दोन किलो वजनाची मांसासाठी वाढविलेली कोंबडी सुमारे १५ ते २० वॉट इतकी उष्णता बाहेर टाकते. दुभती गाय सुमारे एक किलोवॉट, म्हणजे विजेच्या एका शेगडीइतकी. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असते व तिला घर्मग्रंथी नसतात. त्यामुळे उकाडा वाढला की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाणी उडवून अंग थंड करते. म्हशीची काळी कातडी ऊन शोषते व तिच्या घर्मग्रंथी गाईपेक्षा विरळ असतात. म्हणूनच ती डबक्यात डुंबावयास जाते. मोकळ्यावरील प्राणी सावली शोधतो, वाऱ्याच्या दिशेने सरकतो. बंदिस्त घरात त्याला हे स्वातंत्र्य नसते. ते काम घर बांधणाऱ्यास करावे लागते.

उष्णतेबरोबर आणखी दोन गोष्टी घराबाहेर काढाव्या लागतात. एक म्हणजे श्वासातून व विष्ठेतून येणारी आर्द्रता, आणि दुसरी अमोनिया वायू. कोंबडीच्या विष्ठेतील यूरिक आम्लाचे जिवाणूंच्या क्रियेने विघटन होऊन हा वायू तयार होतो, व जमिनीवरील तुसाची गादी जितकी ओली, तितका तो अधिक सुटतो. म्हणून थंडीच्या दिवसांतही घर पूर्ण बंद करून चालत नाही.

फुकटचा वारा

या अडचणीवरील जुना उपाय म्हणजे खुले घर. त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, रुंदी सुमारे ९ मीटरच्या आत असावी, दोन्ही लांब बाजूंना जाळी असावी आणि छपराच्या माथ्यावर गरम हवा निघून जाण्यास फट असावी, असा हा नेम आहे. मुंबईतही याच दिशेचा विचार झाला. शहरातील दाटीवाटीच्या तबेल्यांतून म्हशी बाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन करण्यात आली. तबेल्यात वारा खेचण्यापेक्षा म्हशींनाच वाऱ्याकडे नेणे, असा त्या योजनेचा एक अर्थ आपण लावू शकतो.

वायुवीजनाच्या साधनांची बाजारपेठ सुरू होते ती हा फुकटचा वारा पुरेनासा होतो तेथून. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी, तर महाराष्ट्रात ७ कोटींहून अधिक कुक्कुटपक्षी मोजले गेले. सहा आठवड्यांच्या आतबाहेर दोन किलोंचा होणारा पक्षी भरपूर खातो व म्हणून भरपूर उष्णताही देतो. घर रुंद झाले, त्यात पक्षी दाटीने ठेवले, की मधल्या भागापर्यंत वारा पोहोचत नाही. मग भिंती बंद करून एका टोकास ओले पडदे व दुसऱ्या टोकास हवा ओढणारे मोठे पंखे बसवितात. हवा बोगद्यातून वाहावी तशी घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहते.

पंखे किती लागतील?

दहा हजार पक्ष्यांचे एक घर घेऊ. त्यांच्या एकूण उष्णतेपैकी १०० किलोवॉट उष्णता हवा तापविते असे धरू. एक घनमीटर हवा एका अंशाने तापण्यास सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत तीन अंशांहून अधिक तापू नये, असे ठरविले तर प्रत्येक घनमीटर ३.६ किलोज्यूल उष्णता वाहून नेईल. १०० ला ३.६ ने भागले असता दर सेकंदास सुमारे २८ घनमीटर हवा हवी, असे उत्तर येते. एक मोठा पंखा सेकंदास सुमारे १० घनमीटर हवा ओढतो. म्हणजे तीन पंखे पुरेत.

परंतु पक्ष्याला गारवा वाटण्यासाठी अंगावरून वाराही वाहावा लागतो. घर १२ मीटर रुंद व अडीच मीटर उंच असेल, तर आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर होते. सेकंदास दोन मीटर वेग हवा असल्यास ६० घनमीटर हवा, म्हणजे सहा पंखे लागतात. मागणीचा आकडा तीनवरून सहावर गेला तो असा.

मे आणि जुलै

आता कूलरच्या कोड्याकडे वळू. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते, व हवा थंड होते. परंतु हवा कोरडी असेल तरच पाणी वेगाने उडते. दिल्लीतील मे महिन्यात ४२ अंश तापमान व २० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक सुमारे २४ अंश दाखवितो. ही थंड होण्याची सीमा. चांगला पडदा या १८ अंशांच्या अंतरापैकी तीन-चतुर्थांश अंतर कापतो, आणि आत सुमारे साडेअठ्ठावीस अंशांची हवा येते. उलट कोकणातील एखाद्या दमट दिवशी ३३ अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रता असेल, तर सीमाच सुमारे २९ अंशांवर असते. तेथे तोच पडदा जेमतेम तीन अंशांचा लाभ देतो, आणि आर्द्रता वाढल्यामुळे पक्ष्याची धाप मात्र कमी परिणामकारक होते. म्हणून किनाऱ्यावरील शेतकऱ्याने देशावरील शेजाऱ्याचे अनुकरण करून पडद्यांवर पैसा घालण्यापूर्वी वाऱ्याचा वेग वाढविण्याचा विचार करावा.

बंदिस्त शेतीतही प्रश्न हाच, पण शत्रू निराळा. दिल्लीजवळच्या सोनीपत भागात अळिंबीची मोठी लागवड होते. अळिंबी वाढताना कर्बद्विप्राणील वायू सोडते. तो साचला तर तिचे देठ लांबतात व टोप्या लहान राहतात. तेथे ताजी हवा हवी ती मुख्यतः हा वायू घालविण्यासाठी. पण बाहेरची गरम हवा आत घेतली की ती थंड करण्याचा खर्च वाढतो.

मागणी कोणाची, खर्च कोणाचा?

आपल्याकडे मांसल कोंबड्यांचे पुष्कळसे पालन करार पद्धतीने चालते. कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे पुरविते. शेतकरी घर, श्रम व वीज देतो आणि वाढविलेल्या वजनावर त्यास मोबदला मिळतो. चांगल्या हवेमुळे त्याच खाद्यात अधिक वजन भरते, याचा लाभ दोघांत वाटला जातो. पण पंख्यांचे कर्ज व विजेचे देयक शेतकऱ्याच्याच नावावर राहते. बाजारातील मागणी केवळ उन्हाळ्याच्या तीव्रतेवरून मोजता येत नाही, ती यामुळे.

शिवाय वीज गेली तर? खुल्या घरास जाळी असते. बंद घरास केवळ भिंती. पंखे थांबले की उष्णता साचू लागते, आणि थोड्याच वेळात पक्षी मरू लागतात. म्हणून बंद घर घेणाऱ्याने सहा पंख्यांबरोबर एखादा जादा पंखा, जनित्र, धोक्याची घंटा व आपोआप उघडणारी खिडकी यांचाही खर्च धरला पाहिजे. हा खर्च न झेपल्यास नीट बांधलेले खुले घरच अधिक सुरक्षित होय.

करून पाहण्याजोगा प्रयोग

दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती पातळ सुती फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्यात सोडा. दोन्ही सावलीत टांगून त्यांस वारा घाला व दहा मिनिटांनी वाचन घ्या. असे वर्षभर दर आठवड्यास, दुपारी एकाच वेळी करा. दोन वाचनांतील अंतर आपल्या गावी कोणत्या महिन्यांत मोठे व कोणत्या महिन्यांत लहान असते, हे वहीत नोंदवा. आपल्या गावात ओल्या पडद्यांचे घर वर्षातून किती महिने उपयोगी पडेल, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.