पहिल्या केमोआधी दहाव्या दिवसाची तयारी

चिखली तालुक्यातून एक वाचक लिहितात: "आईला स्तनाचा कर्करोग निघाला. वय ५२. येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगरला पहिली केमो आहे. सोबत काय न्यावं? आई सोमवारचा उपवास सोडत नाही. गावातल्या एकाने काढा दिलाय, तो चालू ठेवू का? आणि सोयाबीन सोंगणीला आलंय, ती म्हणते डोस घेऊन आले की वावरात जाईन."

सोपं आधी सांगतो. बायोप्सी, रक्त आणि इकोचे रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट न्या. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून केमो होते, पण मंजुरी डोसाआधी लागते. म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटा. उपवास उपचाराचे महिने थांबवा. उपाशीपोटी मळमळ वाढते. सकाळी मऊ भात-वरण किंवा भाकरी-दूध खाऊन निघा. आईंना लाल रंगाचं औषध दिलं, तर एक-दोन दिवस लघवीही लालसर होईल. ते रक्त नसतं.

काढा आजच बंद करा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका. केमोच्या अनेक औषधांचा निचरा यकृतातून होतो. काढ्याने यकृत बिघडलं, तर पुढचा डोस अडतो आणि दोष कुणाचा ते कळत नाही. मी रागावण्यासाठी विचारत नाही. मला डोस ठरवायचा असतो.

आता तुम्ही न विचारलेलं. डोसाच्या दिवसाची सगळे धास्ती घेतात, पण त्या दिवशी जवळ नर्स असते, डॉक्टर असतात. खरी काळजी घरी आल्यानंतरची. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा अंगात शिरलेल्या जंतूला अडवणारं कुणी नसतं. म्हणून वावर नको, शेणखत नको, विळ्याचा साधा काप नको.

आणि ताप. मी हे पुष्कळदा पाहिलंय: रात्री अंग तापतं, घरचे तापाची गोळी देतात, घाम येऊन ताप उतरतो, "सकाळी पाहू" म्हणतात. सकाळची एसटी धरून पेशंट दुपारी पोहोचतो तेव्हा रक्तदाब लागत नसतो. गोळीने ताप झाकला जातो, जंतू वाढतच राहतात. थर्मामीटर घ्या, आकडे आईंना आणि घरातल्या आणखी एकाला वाचता येऊ द्या. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दिसलं, किंवा नुसती थंडी वाजून हुडहुडी भरली, तरी त्याच तासाला निघायचं. गोळी देऊन वाट पाहायची नाही.

कुठे निघायचं, हे आत्ता ठरवा. कॅन्सरचं रुग्णालय शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे. डोस देणाऱ्या डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: कोणती केमो, कोणत्या तारखेला, ताप आल्यास लगेच रक्त तपासून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं, आणि त्यांचा फोन नंबर. ही चिठ्ठी थर्मामीटरच्या डबीतच ठेवा. बुलढाणा किंवा खामगावच्या सरकारी रुग्णालयात ती दाखवली की पहिलं इंजेक्शन तिथेच लागू शकतं. १०८ ची गाडी मोफत आहे. ती आली नाही तर गावात रात्री कुणाची गाडी निघेल, हेही आजच विचारून ठेवा.

संग्रामपूर तालुक्यातून एक भगिनी: "यजमानांना खर्ऱ्यामुळे गालाचा कर्करोग झाला. शेक आणि केमो सोबत देणार आहेत. आमचं पाणी खारं. चालेल का?"

ताई, तुमचा प्रश्न अगदी मोलाचा. गालाच्या आजारात शेकासोबत, म्हणजे रेडिएशनसोबत, बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन देतात, आणि त्याचा भार थेट किडनीवर पडतो. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांत किडनीचे पेशंट आहेत, हे बाहेरच्या डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं नाही. तुम्ही सांगा. क्रिएटिनिनची तपासणी डोसाआधी झालीच पाहिजे. किडनी बरी नसेल तर औषध बदलता येतं. उकळल्याने पाण्यातले जंतू मरतात, क्षार जात नाहीत. आरओचं पाणी आणा आणि डॉक्टर सांगतील तेवढं भरपूर पाजा. शेकाआधी दंतवैद्याकडून हलणारे-किडलेले दात काढून घ्या, जखम भरायला वेळ द्या. शेक सुरू झाल्यावर काढलेल्या दाताची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. खर्रा आजपासून बंद. इथे मी सवलत देणार नाही.

शेगाव तालुक्यातून: "गेल्या वर्षी आमच्याकडे गावंच्या गावं टकली झाली. आता वहिनीचे केस केमोने जातील म्हणतात. शेजारी लेकरांना घरी येऊ देत नाहीत."

जानेवारी २०२५ मधल्या त्या केसगळतीचा आणि केमोचा काही संबंध नाही. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारते. केसांची मुळं त्यात सापडतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळतात आणि उपचार संपल्यावर बहुतेकांना परत येतात. कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. उलट जपायचं आहे ते वहिनींना: सर्दी-खोकला असलेल्याने दूर राहावं. डोसानंतर दोन दिवस मात्र त्यांची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घाला, आणि गरोदर बाईने ते काम करू नये. केस जाण्याआधीच बारीक कापून घ्या, उशीवर पुंजके पाहणं फार जड जातं. हा मजकूर शेजाऱ्यांना वाचून दाखवा.